मापबाईंची पाच मिनिटं

मापबाईंच्या घरात बोलायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि ते माणूस म्हणजे स्वतः मापबाई. सकाळी चहाचं आधण ठेवलं की जी तोंडाची टकळी सुरू व्हायची, ती रात्री दिवा मालवेपर्यंत. शेजारणीची सून, गळका नळ, बसमधला उद्धट कंडक्टर, स्वतःचा गुडघा, कशाचंही त्यांना वावडं नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. सगळा मोहल्ला त्यांना घड्याळजी म्हणायचा. डोळ्याला भिंग लावून ते खाली मान घालून बसायचे आणि अधूनमधून ‘हूं’ म्हणायचे. एखादे वेळी ‘हूं’च्या जागी चुकून अख्खं वाक्य आलं, की मापबाई हात वर करायच्या. “मधे बोलू नका हो, माझा धागा तुटतो.”

आता अशा बाईच्या वाट्याला नोकरी कुठली यावी? तर गप्प बसायची! चौदा वर्षं ही बाई गप्प बसण्याचा पगार घेत होती, आणि तिच्याइतकं मन लावून गप्प बसलेलं माणूस त्या अख्ख्या संशोधनात दुसरं नव्हतं.

संशोधन होतं पोरासोरांच्या तब्येतीचं. तान्ह्या बाळांची वजनं सगळे घेतात, म्हाताऱ्यांच्या गोळ्यांचे डबे सगळे भरतात. पण दहा ते चोवीस या वयाकडे कोण बघतं हो? ती धडधाकट दिसतात, दारं आपटतात, भूक लागली की घरी येतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की सगळं ठीक आहे. ते खरंच ठीक असतं का, हे बघायला सहा गावांतली हजारो पोरं दहाव्या वर्षी निवडली होती आणि चोवीस पुरी होईपर्यंत दरवर्षी त्यांना बोलवायचं होतं. उंची, वजन, बीपी, शेवटी एक प्रश्नावली. मापबाईंच्या केंद्राकडे सहाशे पोरं आली. केंद्र कसलं, जोड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. चढायला अरुंद, खडा जिना. आत उंचीची पट्टी, वजनकाटा, पाठीची एक खुर्ची, टेबल, आणि कोपऱ्यात पडदा. पोरांनी पडद्याआड बसून प्रश्नावली भरायची, पाकिटात घालून स्वतः चिकटवायची आणि कुलूपबंद पेटीत टाकायची. पेटी न उघडता मुख्य कचेरीत जायची. मापबाईंनी त्यातलं एक अक्षर कधी पाहिलं नाही.

सुरुवातीला सगळ्या केंद्रांच्या माणसांना एकत्र बसवून शिकवलं होतं आणि एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्यात बीपीच्या पानावर लिहिलं होतं: मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात टेबलावर, कोणीही बोलू नये. बाकीच्या केंद्रांनी ते वाचलं, मान डोलावली आणि दाराबाहेरची रांग बघून विसरून गेली. मापबाई विसरल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली होती: लिहिलंय ना? मग करायचं. त्यांनी घड्याळजींना सांगितलं, “मला पाच मिनिटांनी वाजणारं काहीतरी करून द्या.” घड्याळजींनी एक मोडकं, चावी देऊन वाजणारं स्वयंपाकाचं घड्याळ दुरुस्त करून दिलं. टमाट्याएवढं गोल, कळकट पिवळं.

पहिल्या दिवशी दहा वर्षांचं एक पोरगं खुर्चीत बसलं. पाय जमिनीला टेकेनात, म्हणून मापबाईंनी खाली दोन पाट सरकवले. चावी दिली आणि समोर बसल्या. अरे देवा, काय ती पाच मिनिटं! पोराच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं, कानामागे शाईचा डाग, नखं कुरतडलेली. बाईंच्या जिभेवर सतरा प्रश्न नाचत होते. बटण कुणी लावत नाही का रे, नखं का खातोस रे, मारतं का कुणी शाळेत? ओठ घट्ट मिटून त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. शेवटी ट्रर्र वाजलं तेव्हा घाम त्यांनाच फुटला होता. घरी गेल्यावर तो सगळा साठा घड्याळजींच्या डोक्यावर रिता झाला.

पुढे सवय झाली. कचेरीतून मात्र फोन यायचे. “बाई, बाकीच्यांची दिवसाला वीस पोरं होतात, तुमची आठच कशी?”

“मग ती वीस कशी होतात ते त्यांना विचारा की,” मापबाई फटकन म्हणायच्या. “मला काय विचारता?”

आणखी एक खोड होती त्यांची. फॉर्मच्या कडेला त्या बारीक अक्षरात वेळ लिहायच्या, किती वाजता बसवलं आणि किती वाजता मोजलं. कचेरीने दम दिला की चौकटीबाहेर काही खरडायचं नाही, कागद वाचणारं मशीन गोंधळतं. बरं, म्हणाल्या बाई, आणि दुसऱ्या दिवसापासून कागद उलटा करून मागे लिहायला लागल्या. मशीन काही मागची बाजू वाचत नव्हतं, आणि माणसंही नव्हती. फॉर्मची एक प्रत कचेरीत जायची, मूळ कागद मापबाईंच्या लोखंडी कपाटात राहायचा.

अशी चौदा वर्षं गेली. दहा वर्षांची पोरं दाढीमिशा घेऊन जिना चढायला लागली. शेवटची फेरी सुरू होती, आणि तेवढ्यात मुख्य कचेरीतून एक तरुण आला. आकडेतज्ज्ञ. चष्मा, इस्त्रीचा सदरा, हातात लॅपटॉप. बोलणं इतकं मऊ, की काहीतरी वाईट सांगायला आलाय हे तो दारात चपला काढत होता तेव्हाच मापबाईंनी ओळखलं.

“बाई, बसा ना जरा,” तो म्हणाला.

“मी माझ्या खोलीत कधी बसायचं ते मला ठाऊक आहे. तुम्ही बोला.”

त्याने घसा खाकरला. “तुमच्या केंद्राचे सगळे आकडे संशोधनातून काढून टाकायचं ठरतंय. चौदा वर्षांचे.”

मापबाईंच्या हातातला बीपीचा पट्टा तसाच राहिला. “का?”

“बाकी पाच केंद्रांमध्ये दर सात-आठ पोरांमागे एकाचं बीपी जास्त आहे. तुमच्याकडे सहाशेत जेमतेम वीस. एवढा फरक पडत नसतो. कचेरीला वाटतं की…” तो अडखळला. “की आकडे मोजलेले नाहीत, टेबलावर बसून भरलेत.”

“म्हणजे मी लबाड?”

“मी तसं म्हणत नाही…”

“तुम्ही तसंच म्हणताय! नुसतं सभ्यपणे म्हणताय!” मापबाईंचा आवाज खालच्या जोड्यांच्या दुकानात ऐकू गेला असणार. “पायात गोळे आले तरी मी एक पोर चुकवलं नाही. जी गाव सोडून गेली त्यांना पत्ते काढून काढून बोलावलं. आणि तुम्ही म्हणता टेबलावर बसून?”

बोलता बोलता त्यांनी कपाट उघडलं आणि हाताला लागला तो गठ्ठा टेबलावर आपटला. “उलटा करा. करा म्हणते ना!”

त्याने पहिला कागद उलटला. *दहा वाजून चार बसला, दहा वाजून नऊ मोजलं. जिना धावत चढला.* दुसरा. *परीक्षेहून थेट आली. पाच मिनिटांनीही हात गारच. आणखी पाच बसवली.* तिसरा. *भावाशी भांडून आलाय. नाक लाल.* चौथा. *दोन्ही वेळा जास्त. तिसऱ्या दिवशी परत बोलावलं, तरी जास्त. डॉक्टरांकडे पाठवलं, मूत्रपिंडाचं निघालं.* तो उभ्याचा खाली बसला आणि उलटत राहिला. मग दुसरा गठ्ठा त्याने स्वतःच उचलून आणला.

“प्रत्येकाला पाच मिनिटं बसवत होता?” त्याने विचारलं. “दरवर्षी? न बोलता?”

“पुस्तकात लिहिलंय तसं. का, बाकीचे नव्हते बसवत?”

आकडेतज्ज्ञाने पुढचा कागद उलटला. त्याचं उत्तर त्याच्या तोंडावर दिसत होतं. धावतपळत, धापा टाकत आलेल्या पोराला लगेच पट्टा बांधला, तर आकडा चढाच येणार. इतका वेळ मापबाईंच्या केंद्राचा आकडा कमी का, हे सगळे विचारत होते. बाकीच्यांचा जास्त का, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

पण त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “बाई, बीपीचं मी कचेरीला पटवून देईन. पण दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती जास्त वाईट आहे.”

“अजून काय?”

“प्रश्नावलीत एक प्रश्न आहे. घरच्यांशिवाय असं कोणी मोठं माणूस आहे का, की ज्याच्याजवळ तुम्हाला जाऊन नुसतं बसावंसं वाटतं? बाकी केंद्रांत बहुतेक पोरं कोरं सोडतात, किंवा एखादे मास्तर, एखादा काका. तुमच्याकडे दोनशे बारा पोरांनी एकच उत्तर लिहिलंय. शब्दाला शब्द तोच. अक्षर वेगवेगळं आहे, ते आम्ही तपासलं. म्हणून कचेरीचं म्हणणं, तुम्ही उभं राहून सांगितलंत आणि त्यांनी लिहिलं.”

“मी पडद्याआड पाऊलसुद्धा टाकत नाही!”

“मग ही चूपमावशी कोण?”

“कोण?”

“चूपमावशी. दोनशे बारा वेळा.”

मापबाईंनी डोक्याला खूप ताण दिला. जोड्यांच्या दुकानातली म्हातारी? शाळेतली शिपाईणबाई? दोनशे पोरांना ठाऊक असलेली मावशी या गावात असावी आणि आपल्याला तिचा पत्ता नसावा, म्हणजे कमालच झाली. “मला नाही माहीत,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. आपण खरं बोलतोय आणि ते खोटं वाटतंय, हे त्यांनाही ऐकू येत होतं. बीपीचा पुरावा कपाटात होता. याचा पुरावा आणायचा कुठून? चौदा वर्षांची मेहनत एका कुठल्याशा मावशीपायी मातीत जायची वेळ आली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अकराची वेळ दिलेली पोरगी आली होती. दहाव्या वर्षी हाडाची काडी होती. आता चोवीस पुरी, दारातून वाकून आत यावं लागे एवढी उंच, लोहाराच्या भट्टीसारखं तापणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंग करायची. तिची ही शेवटची खेप.

मापबाईंनी डोळे पदराने टिपले आणि खुर्ची सरळ केली. आधी काम. “हे साहेब कचेरीचे आहेत. बसले तर चालतील का तुला? नको असेल तर खाली पाठवते.”

“बसू देत की,” पोरगी म्हणाली.

उंची झाली, वजन झालं. पोरगी सांगावं लागण्याआधीच खुर्चीत बसली. पाठ टेकली, पाय टेकले, हात टेबलावर. मापबाईंनी पिवळ्या घड्याळाला चावी दिली आणि आकडेतज्ज्ञाकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

टिकटिक सुरू झाली. आकडेतज्ज्ञाने पहिल्या मिनिटाला खिशातला फोन चाचपला, बाईंची नजर पाहून हात काढून घेतला. दुसऱ्या मिनिटाला त्याचा हलणारा गुडघा थांबला. खाली कुणीतरी जोड्याला ठोकत होतं, रस्त्यावर गाड्या होत्या, पण खोलीत कोणी कुणाला काही विचारत नव्हतं. पोरीचे खांदे हळूहळू खाली आले. भाजलेल्या ठिपक्यांचे तिचे दोन्ही हात टेबलावर निवांत पडले. घड्याळ वाजलं. मापबाईंनी मोजलं, लिहिलं, कागद उलटला आणि मागे वेळ लिहिली.

पोरगी पडद्याआड जाऊन पाकीट चिकटवून आली आणि तिने ते पेटीत टाकलं. मग आकडेतज्ज्ञाला राहवलं नाही. “पाकिटात काय लिहिलंस ते मी विचारत नाही. पण चूपमावशी कोण, हे तुला माहीत आहे का?”

पोरगी आधी गोंधळली, मग खळखळून हसली. “अहो, समोर उभ्या आहेत की!”

“कोण, मी?” मापबाई म्हणाल्या.

“नाहीतर काय! सगळे तेच म्हणतात तुम्हाला, पहिल्या वर्षापासून. तोंडावर म्हणायची छाती नव्हती कुणाची.”

“पण मी तर तुमच्याशी कधी बोललेसुद्धा नाही गं!”

“तेच तर ना!” पोरगी म्हणाली. “चौदाव्या वर्षी जो भेटेल तो विचारायचा. मार्क किती, कुठे गेली होतीस, कुणाबरोबर, एवढी ताडमाड का वाढलीस, लग्नाला कोण मिळणार. शाळेत तेच, घरी तेच. इथे यायचं, बसायचं, एक मोठं माणूस समोर बसलंय आणि काही म्हणजे काही विचारत नाहीये. मला वाटायचं, असं वर्षातून एकदाच का?” ती मापबाईंकडे वळली. “म्हणून मग आम्ही मधेच यायचो. चक्कर येतेय म्हणून. तुम्हाला आठवत असेल.”

मापबाईंना आठवत होतं. त्या कपाटाकडे गेल्या आणि तळातला, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला. पुढची बाजू कोरी असलेले फॉर्म. ठरलेल्या तारखेशिवाय मोजायचं नाही असा नियम होता आणि फॉर्मशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही असाही नियम होता, म्हणून बाईंनी दोन्ही पाळले होते. प्रत्येकाच्या मागे तेच, तारीख वेगळी. *तारखेशिवाय आली. चक्कर म्हणते. बसवली. मोजलं नाही. बरी होऊन गेली.* *तारखेशिवाय आला. बसला. मोजलं नाही. बरा होऊन गेला.* शेकड्याने होते.

“मला वाटलं, खरंच चक्कर येते पोरांना,” मापबाई म्हणाल्या. “मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा होतं, गावाच्या पाण्यात काही आहे का म्हणून.”

पोरगी पोट धरून हसली. आकडेतज्ज्ञ हसला नाही. तो ती सुतळी सोडत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. “बाई,” तो म्हणाला, “माझं चुकलं. आमचं सगळ्यांचंच चुकलं.”

“चुकलं तर चुकलं,” मापबाई म्हणाल्या. “ते गठ्ठे लावून ठेवलेत तसेच राहू द्या, उलटसुलट करू नका. आणि चहा घेणार का?”

त्यानंतर बाकीच्या पाच केंद्रांवर हुकूम सुटला. ज्या ज्या पोरांना बीपी आहे म्हणून सांगितलं होतं, त्यांना परत बोलवा, पाच मिनिटं बसवा, मग मोजा. त्यातली निम्म्याहून जास्त पोरं चांगली निघाली. वर्षानुवर्षं आपण आजारी आहोत असं समजून जी धावायची बंद झाली होती, खेळ सोडून बसली होती, त्यांना सांगण्यात आलं की बाबांनो, तुम्हाला काही झालेलं नाही. जी खरोखर आजारी होती ती गर्दीतून वेगळी दिसायला लागली. मापबाईंचे आकडे संशोधनात राहिले, आणि तेच प्रमाण मानले गेले.

मग नवा फॉर्म छापून आला, पुढच्या पोरांसाठी. मापबाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि बीपीच्या ओळीशी थांबल्या. तिथे दोन नव्या चौकटी होत्या. बसवल्याची वेळ. मोजल्याची वेळ. जे चौदा वर्षं त्या चोरून मागे लिहीत होत्या, ते आता पुढे आलं होतं, छापील अक्षरात, सहाच्या सहा गावांसाठी. तो फॉर्म त्यांनी घड्याळजींना दाखवला, शेजारणीला दाखवला, जोड्यांच्या दुकानदाराला दाखवला आणि बसमधल्या त्या उद्धट कंडक्टरलाही दाखवला.

संशोधनाच्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरबाईंनी सहाही केंद्रांची सभा बोलावली आणि मापबाईंना बोलायला पंधरा मिनिटं दिली. झालं! अकरा पानं लिहून झाली. ती घड्याळजींना इतक्यांदा ऐकवली, की त्यांना ती तोंडपाठ झाली. सभेच्या दिवशी घड्याळजी नवा सदरा घालून शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

मापबाई व्यासपीठावर चढल्या. समोर दोनशे माणसं, डॉक्टर, मोजणारे, आकडेवाले. कुणी जिना चढून धापा टाकतंय, कुणी फोनवर, कुणी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतंय. बाईंनी अकरा पानांकडे बघितलं. मग ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पर्समधून पिवळं घड्याळ काढलं.

“पाठ टेका,” त्या म्हणाल्या. “पाय जमिनीला. हात मांडीवर. बोलायचं नाही.”

आणि चावी दिली.

आधी लोक हसले. मग बाई हसत नाहीत हे बघून गप्प झाले. टिकटिक माइकमधून सभागृहभर ऐकू यायला लागली. दुसऱ्या मिनिटाला फोन खिशात गेले. तिसऱ्याला मोठ्या डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. पहिल्या रांगेत आकडेतज्ज्ञ पाठ टेकून बसला होता, सराईतासारखा. मापबाई सगळ्यांकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांना पाटांवर पाय टेकवून बसलेली ती सहाशे पोरं दिसत होती, बटण तुटलेलं, नखं खाणारं, नाक लाल झालेलं, ताडमाड उंच. आयुष्यात त्यांना स्वतःचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. वाटला तर वाटला, त्यात लाजायचं काय?

ट्रर्र झालं. “याला शांत बसवणं म्हणतात,” मापबाई म्हणाल्या. “हे एका पोरापुरतं झालं. आता मोजा.” आणि खाली उतरल्या. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्या जवळजवळ शेवटच्या रांगेपाशी पोचल्या होत्या.

परत जाताना बसथांब्यापर्यंतचा रस्ता चांगला लांब होता. घड्याळजी ‘हूं’ म्हणायच्या तयारीने चालत होते, पण म्हणायला काही येईचना. कोपरा गेला, पूल आला, तरी बाईंचं तोंड बंदच. घड्याळजी घाबरले. असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

“अगं, बरं वाटत नाही का तुला?”

मापबाई थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते. “ऊर भरून आलाय हो,” त्या म्हणाल्या. “बोलता येत नाहीये. पाच मिनिटं थांबा.”

पुलाच्या कठड्यापाशी एक बाक होतं. घड्याळजी आधी बसले, पाठ टेकली, पाय जमिनीला टेकवले आणि शेजारची जागा रुमालाने पुसली. मापबाई बसल्या. घड्याळजींनी काही म्हणजे काही विचारलं नाही.